उशीखालचं सोनं

इस्तंबूलचा कापालीचार्शी, म्हणजे छताखालचा जुना बाजार, पंधराव्या शतकापासून भरतो आहे. साठच्या वर गल्ल्या आणि सुमारे ४,००० दुकानं. दिवे, गालिचे, मसाले बघत आपण आत शिरतो आणि सराफांच्या गल्लीत पाय आपोआप थांबतात. काचेमागे २२ कॅरेटच्या बांगड्यांच्या रांगाच रांगा. त्यातल्या पिळाच्या बांगड्या तर आपल्या तोड्यांच्या जवळच्या नात्यातल्या वाटतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दुबईहून गेलो, तेव्हा तिथली गिऱ्हाइकं नक्षीकडे फारशी बघत नव्हती. वजन विचारायचं, भाव विचारायचा, घ्यायचं. सर्वांत जास्त मागणी ‘चेयरेक’ला, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या नाण्याला. लग्नात नवरानवरीच्या कपड्यांवर हीच नाणी लाल फितीने टाचतात. घरात साठवलेल्या अशा सोन्याला तिथे ‘उशीखालचं सोनं’ म्हणतात.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे चहाच्या टेबलावर हल्ली हमखास निघणारा विषय. “तुर्कस्तानात बँका चाळीस टक्के व्याज देतात म्हणे. थोडे टाकावेत का?” अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत असे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

महागाई वाढली की व्याजदर वाढवायचे, हे पुस्तकातलं सूत्र. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचं मत नेमकं उलट. २०१९ ते २०२१ या काळात मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर हटवले गेले. सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीला १९ टक्के असलेला दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ८.५ वर आणला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरकारी आकड्यांनुसारच महागाई ८५ टक्क्यांवर गेली. २०२३ च्या निवडणुकीनंतर मेहमेत शिम्शेक अर्थमंत्री झाले, सूत्र पुन्हा सुलटं झालं आणि मार्च २०२४ मध्ये दर ५० टक्क्यांवर पोचला.

आता आपला हिशेब मांडू. दिरहम डॉलरला बांधलेला, म्हणून डॉलरमध्येच बघू. २०२१ च्या सुरुवातीला १०० डॉलरचे सुमारे ७५० लिरा झाले असते. १८ टक्के व्याज धरलं तर वर्षअखेर ८८५. पण तोवर डॉलर १३ लिरांच्या पुढे गेला होता. हाती आले असते जेमतेम ६६ डॉलर. हेच २०२४ मध्ये केलं असतं, तर डॉलर २९.५ वरून ३५.३ पर्यंतच चढला. व्याज ४० टक्के धरलं तरी १०० चे सुमारे ११७ झाले असते. देश तोच, चलन तेच. व्याजाच्या आकड्यापेक्षा धोरण टिकतं की नाही, यावर सगळं ठरलं.

आणि ते टिकेल का, ही धाकधूक गेलेली नाही. १९ मार्च २०२५ ला इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोलू यांना अटक झाली आणि त्या दिवशी काही काळ डॉलर ४० लिरांच्या पलीकडे गेला. उतरू लागलेला दर एप्रिलमध्ये परत वाढवून ४६ करावा लागला. आम्ही तिथे होतो तेव्हा खाणावळींच्या दर्शनी फलकांवर जुन्या किमतींवर नव्या किमतींच्या चिठ्ठ्या डकवलेल्या दिसत होत्या.

तरी देश दुबळा नाही. १९९६ पासून युरोपीय संघाशी जकात-संघ आहे. तिथल्या कारखान्यांतल्या मोटारी, फ्रिज, टीव्ही युरोपच्या घराघरांत जातात. पर्यटकांचा ओघ आहे. पण तेल आणि वायू बाहेरून आणावा लागतो आणि तो डॉलरमध्ये. लिरा घसरला की आयात महागते, महागाई वाढते, आणि लोक पुन्हा सराफाकडे धावतात. त्या सोन्याचा मोठा भागही आयातच.

घराचंही तसंच. ४ लाख डॉलरची मालमत्ता घेऊन तीन वर्षं ठेवली की तुर्की नागरिकत्व मिळू शकतं. २०२२ पर्यंत ही मर्यादा अडीच लाख होती. पण ते स्वीकारलं की आपलं भारतीय नागरिकत्व संपतं. दलाल हे शेवटी सांगतो, कधीकधी सांगतच नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, मुलांच्या शिक्षणाचा किंवा आईवडिलांच्या आजारपणाचा पैसा तिथे नको. हौसेचा, बुडाला तरी झोप न उडवणारा असेल तर तुमची मर्जी. २०२५ च्या ऑगस्टची महागाई ३३ टक्क्यांच्या आसपास होती आणि सप्टेंबरात मध्यवर्ती बँकेचा दर ४०.५ वर आला. हे दोन्ही आकडे अशाच संथ गतीने उतरत राहिले आणि गव्हर्नर जागेवर राहिले, तर दोन वर्षांनी पुन्हा बोलू. मी मात्र आणखी एक गोष्ट बघेन. कापालीचार्शीतल्या बायका चेयरेक विकून लिरा बँकेत ठेवायला लागल्या का? त्यांना आपल्या सरकारची ओळख आपल्यापेक्षा जास्त आहे.