वांधा कोणाकडे मांडायचा?

लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव ट्रॉलीत दिसणाऱ्या मालावर होतो. माल खाली करताना आत सडका निघाला, तर व्यापारी वांधा काढतो, भाव कापतो. शेतकऱ्याला ते पटले नाही, तर बाजार समितीकडे दाद मागता येते. आम्ही शाळेत शिकवतो, पण हा शब्द आमच्या मुलांना पाढ्यांइतकाच पाठ आहे. सॉफ्टवेअर आतून सडके निघाले, तर मात्र वांधा कोणाकडे मांडायचा, हे त्यांना सांगता येत नाही.

इथला कांदा ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, तिथल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ व्हायरसने बंद पाडले. व्हायरस आला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पसरताना त्याने विंडोजमधल्या एका भगदाडाचाही फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. मर्स्कने आपले नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर सांगितले. गुन्हा व्हायरस सोडणाऱ्याचा, हे खरेच. पण दार कच्चे बनवणारा आणि कडी न लावणारा, यांची काहीच जिम्मेदारी नाही?

आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो, त्या करारात कंपनीने आपली जबाबदारी शक्य तेवढी झटकलेली असते. फुकट मिळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरवरही ‘जसे आहे तसे घ्या’ असेच लिहिलेले असते. दोघांना एकच माप लावणे आम्हांला पटत नाही. डिसेंबर 2021 मध्ये ‘लॉगफोरजे’ या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मोठे भगदाड सापडले. ते सांभाळणारे स्वयंसेवक होते, आणि मोठमोठ्या कंपन्यांनी ते आपल्या विक्रीच्या मालात घातले होते. मोहल्ल्यात कोणी सबील लावली आणि तेच पाणी दुसरा बाटल्यांत भरून विकू लागला, तर पाणी तपासायचे कोणी? सबील लावणाऱ्याने माठ झाकावा, पण दाम घेणाऱ्याने जबाब द्यावा.

युरोपीय संघाने 2024 मध्ये सदोष मालाच्या भरपाईच्या कायद्यात सॉफ्टवेअरही आणले. धंद्याबाहेर फुकट दिलेले खुले सॉफ्टवेअर त्यातून वगळले, मात्र ते आपल्या मालात घालून विकणाऱ्याला सूट दिली नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. आमच्या ओळखीच्या एका बेवा खालांच्या खात्यातून पैसे गेले. ओटीपी कोणालाच दिला नाही, असे त्या सांगत राहिल्या. बँकेत उत्तर मिळाले, “मोबाइल तुमचा, जबाबदारी तुमची.” रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम उलट सांगतो: ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत इतरत्र असेल, तेव्हा बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही.

खालांना हे कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना आमची विनंती आहे: पैसे गेल्याचे कळताच 1930 वर फोन करा, बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. अम्मीला, दादीला ‘तुम्हीच काहीतरी दाबले असेल’ असे म्हणण्याची घाई करू नका.