वाताला अनुकूल

घर बांधणाऱ्यापेक्षा घर राखणाऱ्याचा मान मोठा, असे माझे फार दिवसांचे मत आहे. घर बांधून होते एकदा; राखावे लागते जन्मभर. आमच्या भोर-वेल्ह्याच्या मावळात ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नसे. वैशाख सरत आला की कौले चाळायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, पावसाच्या तोंडच्या भिंतीला गवत बांधून घ्यायचे आणि मग मृगाची वाट पाहायची. या नेमात कसूर झाली, तर जाब विचारायला सरकारी अंमलदार येत नसे. तोरण्यावरून उतरणारा पाऊस थेट माजघरात शिरून तो विचारीत असे. सारवणाचे तेच, माठाचे तेच, कंदिलाच्या काचेचे तेच. प्रत्येक सुखाच्या पाठोपाठ त्याचे एक काम जन्माला आलेले असे, आणि ते काम घरात कोणाचे, हेही ठरलेले असे.

अलीकडची सुखे मात्र खोक्यात बसून येतात. त्यांच्यासोबत एक पुस्तिका येते. सुख भिंतीवर चढते आणि पुस्तिका कपाटाच्या खणात जाते, ती घर बदलतानाच पुन्हा दिसते. वातानुकूलन यंत्र हे अशा सुखांपैकी सर्वांत वरच्या जागेवर बसणारे. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले, ते ते आमच्या घरी आल्यापासून.

भोर तसे उष्ण गाव म्हणून प्रसिद्ध नाही. निरेचा काठ आहे, जवळ भाटघरचे पाणी आहे, चहूकडे डोंगर आहेत. पण कौले गेली आणि स्लॅब आला. स्लॅब हा मोठा प्रामाणिक सावकार आहे. दिवसभर घेतलेले ऊन तो रात्री व्याजासह परत करतो. गेल्या काही वर्षांत एप्रिल-मेच्या रात्री आईला धाप लागू लागली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डॉक्टरांनी सांगितले, “औषध देतो, पण रात्री खोली थंड ठेवा.” तेव्हा आमच्याकडे हे यंत्र हौस म्हणून आले नाही, पथ्य म्हणून आले.

ते दीड टनाचे आहे असे कळताच शेजारच्या काकांनी भिंतीकडे चिंतेने पाहिले. “दीड टन? भिंत पेलेल का?” हा टन वजनाचा नव्हे, हे मी त्यांना समजावले. ते बर्फाच्या जमान्यातले माप आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, त्या वेगाने खोलीतली उष्णता बाहेर नेणारे यंत्र ते एक टनाचे. काकांचे समाधान झाले. आईचे झाले नाही. तिने नाव विचारले. मी शिक्षकी सवयीने शुद्ध नाव सांगितले: वातानुकूलक. ती गुडघे चोळीत म्हणाली, “म्हणजे वाताला अनुकूल. मला नव्हे.” बावीस वर्षे मराठी शिकवतो आहे, या सामासिक शब्दाचा इतका नेमका विग्रह कोणा विद्यार्थ्याने केलेला नाही.

गंमत अशी की, हे यंत्र मुळात माणसासाठी जन्मलेच नाही. ते जन्मले कागदासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला एक छापखाना दमट हवेने हैराण झाला होता. कागद ओलाव्याने फुगे, कोरड्याने आक्रसे, आणि रंगावर रंग नीट बसेना. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला ओलावा काढण्याची युक्ती बसवली. ज्याने श्रावणात वेल्ह्याला पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर हिरवी बुरशी चढताना पाहिली आहे, त्याला त्या छापखानेवाल्याचे दुःख लगेच कळेल. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर बाईच्या ओठांचा रंग ओठांवरच पडतो, गालावर उतरत नाही, याच्या मागे कॅरिअरचे थोडे पुण्य आहे.

तर हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते उष्णतेचे पाणी शेंदते. रहाटाचा पोहरा विहिरीत रिकामा जातो, भरून वर येतो, ओततो आणि पुन्हा खाली जातो. नळ्यांतला वायू हा तो पोहरा. आत तो खोलीची उष्णता घेतो, बाहेरच्या पेटीत ती टाकतो आणि परत आत येतो. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ फसवणूक टळते. “गॅस संपला, भरावा लागेल,” असे दर उन्हाळ्यात सांगणारे कारागीर असतात. पोहरा वापरून संपत नाही. पाणी कमी येत असेल तर त्याला भोक पडले आहे. ते शोधून बुजवायचे सोडून दर वर्षी नवा पोहरा विकत घेणे हा कसला व्यवहार?

आणि हा प्रश्न पैशांपुरता नाही. हल्लीच्या यंत्रांत आर-३२ नावाचा वायू असतो, तो मंदपणे पेट घेऊ शकतो. काहींत तर चक्क प्रोपेन असतो. गळतीची शंका आली की यंत्र बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि जवळपास काडी ओढू नये. गळती तपासताना जाणता कारागीर नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरतो. वेल्डिंगच्या दुकानातले ऑक्सिजनचे नळकांडे हाताशी आहे म्हणून कोणी ते जोडू लागला, तर त्याचा हात धरावा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधले तेल यांची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो.

आमचे यंत्र पहिल्या वर्षी तपासायला आला तो माझा एक जुना विद्यार्थी. बारावीला मराठीत पस्तिसाच्या उंबरठ्यावर अडखळत पोहोचलेला. पुढे आयटीआय करून या धंद्यात चांगला स्थिरावलेला. यंत्राकडे पाहण्याआधी तो भिंतीतल्या सॉकेटकडे वळला. दिव्याची एक तार विजेच्या भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली. दिवा लागला नाही.

“सर,” तो म्हणाला, “हे वरचे भोक अनुस्वारासारखे आहे.”

“म्हणजे रे?”

“लिहिलेले दिसते, उच्चारात नाही. तुम्हीच शिकवले होते.”

मराठीतले अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखन-नियमांनी गेले. आमच्या भिंतीत मात्र एक मागे राहिला होता. घराचे वायरिंग ज्याने केले, त्याने तीन भोकांची सॉकेटे बसवली होती आणि तिसऱ्या भोकाला तारच जोडली नव्हती. मी हसलो, पण तो हसला नाही. त्याने मला गॅलरीत नेले. तिथे यंत्राची बाहेरची लोखंडी पेटी होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर कपडे वाळत घालायची दोरी. आई रोज सकाळी तिथे ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर, अनवाणी उभी राहून लुगडे वाळत घालते.

“सर, आतली एखादी तार सोलपटून या पत्र्याला टेकली, तर वीज जमिनीत जायला वाट शोधणार. अर्थिंग असेल तर ती तारेतून जाते आणि फ्यूज उडतो. नसेल तर ती वाट पाहत बसते.”

कोणाची, हे त्याने सांगितले नाही. त्या पेटीला आईचा कोपर किती सकाळी लागला असेल याचा हिशेब मी मनात करू लागलो, आणि तो करवेना. कौल फुटले तर पाणी तरी गळते, आवाज तरी होतो. हे फुटलेले कौल कसलाही आवाज न करता आमच्या डोक्यावर होते.

त्याच दिवशी यंत्र बंद झाले. चार दिवसांत अंगणात खड्डा खणला, धातूची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ घातले, वर पाण्यासाठी नळी काढली. मुख्य बोर्डातून यंत्राला जाड तांब्याची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि मोठ्या पिनांचे सॉकेट आले. शिवाय तीस मिलिअँपिअर एवढी थोडी वीज वाट चुकली तरी क्षणात सगळे बंद पाडणारा आरसीसीबी बसला. एक्स्टेंशन बोर्डावर हे यंत्र चालवू नये, हे त्याने दोनदा बजावले. सैल सांधा तापतो, आणि रात्री सगळे झोपले असताना पेटतो. जळका वास आला किंवा प्लग हाताला गरम लागला, तर आधी एमसीबी पाडायचा. पाणी घेऊन धावायचे नाही.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडू द्यायचा नसतो. हे काम आईने आपणहून घेतले. आता तुळशीला पाणी घालून झाले की उरलेला तांब्या ती त्या नळीत ओतते.

बाकीची कामे अशीच वाटली गेली. जाळी धुणे चिरंजीवांकडे. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला यंत्राची वीज मुख्य बटणापासून तोडायची, जाळी काढायची, साध्या पाण्याने धुवायची, सावलीत पुरती वाळवायची. जाळी धुळीने कोंदली की हवा कोंडते, आतल्या नळीवर बर्फ धरतो आणि पुढे पाणी खोलीत ठिबकते. पाण्याची नळी उतरती आहे ना, तिचे तोंड कुंभारणीने बंद केले नाही ना, हे पाहणे सौभाग्यवतींकडे. बाहेरच्या पेटीसमोर रिकामे डबे, खोकी रचू न देणे माझ्याकडे. त्या पेटीलाही श्वास हवा असतो. तिच्या आत हात घालणे मात्र कोणाकडेच नाही. बटण बंद केल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज दडून असते. ते वर्षातून एकदा, होळीच्या आधी, कारागिराने करायचे.

वीज जाण्या-येण्याचा खेळ आमच्याकडे नवा नाही. ती आली की लगेच यंत्र सुरू करायचे नाही. नळ्यांतला दाब समान व्हायला तीनएक मिनिटे द्यायची. आकडा चोवीसच्या खाली न्यायचा नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून यंत्रे कारखान्यातूनच चोवीसवर लावलेली येतात, आणि एकेक अंश वर नेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते असा त्या खात्याचा हिशेब आहे. सोळावर लावल्याने खोली लवकर गार होते, हा समज म्हणजे नळाची तोटी दोनदा पिळल्याने टाकीत पाणी वाढते, असा समज आहे.

एका गोष्टीवरून मात्र आईशी वाद झाला. तिन्हीसांजेला खोलीत धूप फिरवण्याची तिची रीत आहे. हे यंत्र बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवीत राहते. दारे लावलेली असली की धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळे तिथेच घोटाळते, आणि धाप असलेल्या माणसाच्या छातीत जाते. पेटती शेगडी तर बंद खोलीत कधीच नको. कोळशाच्या वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. वाद दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी तह झाला: धूप आधी, खिडक्या उघड्या ठेवून, यंत्र नंतर. सकाळी पुन्हा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या.

वेल्ह्याकडे या यंत्राची वेगळीच परीक्षा होते. या तालुक्याचे नाव राजगड करण्याला मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. तिथे गुंजवणीच्या बाजूला पुणेकरांचे शनिवार-रविवारचे बंगले झाले आहेत. माझा मामेभाऊ अशा दोन बंगल्यांची राखण करतो. स्वतः तो मातीच्या भिंतींच्या घरात राहतो आणि मे महिन्यात वाकळ पांघरतो. पावसाळाभर बंद राहिलेले यंत्र मालक आल्याबरोबर सुरू करू पाहतात, तेव्हा तो त्यांना थांबवतो. आधी बाहेरच्या पेटीत गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, आतल्या पाटीवर पाल मरून पडली आहे का, आणि मुख्य म्हणजे उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, हे तो कारागीर बोलावून बघवतो.

त्याचे हे बोलणे ऐकताना मला शिवाजी महाराजांचे एक पत्र आठवले. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना ते लिहिलेले आहे. रात्री दिवा जळता ठेवाल, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि घोडी उपाशी मरतील, अशी ताकीद त्यात आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाने उंदराचाही विचार करून ठेवला होता. वर्गात मी हे पत्र भाषेचा नमुना म्हणून शिकवतो. माझा मामेभाऊ ते न वाचताच पाळतो. वातीच्या जागी तार आली. उंदीर तोच आहे.

यंदा खंडेनवमीला घरातल्या हत्यारा-अवजारांबरोबर यंत्राचीही पूजा करायची ठरली. चिरंजीवांनी स्टुलावर चढून झेंडूची माळ थेट त्याच्या झडपेवरच अडकवली. आईने ती काढायला लावली.

“अरे, त्याच्या नाकातोंडावर कशाला घालतोस? आधी जाळी धुऊन आण. मग कुंकू लाव.”

जाळी धुऊन गॅलरीत सावलीला ठेवली. ती वाळेपर्यंत खिडक्या उघड्या राहिल्या, आणि रोहिड्याच्या बाजूने वारा येत राहिला. आई त्याच वाऱ्यात पाय पसरून झेंडू ओवत बसली होती.