मोटारसायकलवरची पेटी आणि आचऱ्याची पोथी

पूर्वीं कोंकणांतील घरांत प्रवासाचें सामान म्हणजे एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि फराळाचा डबा, एवढेंच असे. ट्रंक बैलगाडींत, पडावांत किंवा हमालाच्या डोक्यावर जाई. ती कशावर बसवावी हा प्रश्न कोणास पडत नसे. आतां मालवणाहून कुडाळास किंवा वेंगुर्ल्यास जावयाचें तर दारांत दुचाकी उभी असते, आणि तिच्या मागें चौकोनी काळी पेटी बसविलेली पुष्कळ ठिकाणीं दिसते. शाळेची नोकरी संपल्यावर मींहि अशी एक पेटी घेतली. ती घेतांना जें शहाणपण सुचलें, आणि वापरतांना जें सुचलें नाहीं, तें दोन्ही वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें मूळ घर आचऱ्याचें. मालवणापासून उत्तरेस, कोळंबचा पूल आणि कालावलची खाडी ओलांडून, सुमारें वीस किलोमीटरांवर हें गांव आहे. तेथील रामेश्वराचें देवस्थान प्रसिद्धच आहे. परंतु त्याहूनहि विलक्षण आहे ती गांवपळण. तीन-चार वर्षांनीं एकदां देवाचा कौल झाला म्हणजे सारा गांव, जातिधर्माचा भेद न ठेवतां, गुरेंढोरें, कोंबडीं-कुत्रीं यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांतून राहतो. माझ्या लहानपणीं आमच्या घरांतून प्रथम देव बाहेर पडत, आणि त्यांच्या पाठोपाठ आजोबांच्या बगलेंत लाल बासनांत बांधलेली एक पोथी. भांडींकुंडीं गडीमाणसें आणीत. पोथी मात्र कोणाच्या हातीं दिली जात नसे. ती आमच्या पणजोबांनीं स्वहस्तें लिहिलेली विष्णुसहस्रनामाची प्रत होती.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटीं लेखक पोथीच्या वतीनें वाचकाला एक विनंती करीत असत. तेल, पाणी आणि सैल बांधणी या तिघांपासून तिचें रक्षण करावें आणि तिला मूर्खाच्या हातीं देऊं नये, असा तिचा आशय असे. पणजोबांच्या पोथींतहि ती तांबड्या शाईनें लिहिलेली होती. मोटारसायकलवरच्या पेटीची परीक्षा करावयाची तर याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाहीं.

बांधणीचा विचार प्रथम करावा. ही पेटी गाडीला थेट जोडलेली नसते. आधीं गाडीचा कॅरिअर, त्यावर चार बोल्टांनीं आवळलेली बैठकीची पाटी, आणि तिच्यावर खटक्यानें बसणारी पेटी, अशी ही उतरंड असते. किल्ली फिरविली कीं पेटी काढून घरांत नेतां येते. अशा पेट्यांचा जगभर प्रसार करणाऱ्या कारखान्यांत इटलींतील जिव्ही हा प्रमुख आहे; एके काळीं मोटारसायकलच्या शर्यतींत धावणाऱ्या जुझेप्पे विसेन्झी यांनीं तो १९७८ सालीं स्थापन केला. परंतु कारखाना कोणताहि असो, जितके सांधे तितक्या सैल होण्याच्या जागा. इंजिनाच्या कंपनानें साधा नट हळूहळू फिरतो, म्हणून आंत नायलॉनचें कडें असलेला नट घ्यावा. तो आवळल्यावर नट व बोल्ट या दोहोंवरून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली कीं नट फिरला असें समजावें. लोखंडाच्या ऐवजीं न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट घ्यावे. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं ज्याची पायाभरणी केली त्या सिंधुदुर्गाच्या तटाला जो खारा वारा झोंबतो, तोच आमच्या अंगणांतहि येतो. त्याच्यापुढें साध्या लोखंडाची काय कथा?

दुसरी गोष्ट वजनाची. ही पेटी मागच्या चाकाच्या आंसाच्याहि मागें बसते. तराजूची एक बाजू दाबली कीं दुसरी उचलते, त्याप्रमाणें मागें भार वाढला कीं पुढचें चाक हलकें होतें आणि वळणावर गाडी हाताचें ऐकेनाशी होते. बाजारांत तीस लिटरांपासून पन्नास लिटरांपर्यंतच्या पेट्या मिळतात. परंतु बहुतेकींच्या कागदांत वजनाची मर्यादा पांच ते दहा किलो एवढीच दिलेली आढळते. कॅरिअरची मर्यादा निराळी असते, आणि दोहोंत जी कमी ती खरी. पंचेचाळीस लिटरांची पेटी पुस्तकांनीं भरली तर वजन वीस किलोंच्या वर सहज जातें. मी मोठ्या पेटीकडे पाहत होतों तेव्हां आमचा गाडी दुरुस्त करणारा गृहस्थ हंसून म्हणाला, "मास्तरांनूं, बारकी घेवा. मोठी घेतलास तर भरतलासच!" त्याचें ऐकून मीं तीस लिटरांची घेतली. दोन्ही बाजूंस लटकणाऱ्या पेट्यांचा भार खालीं राहतो हें खरें. पण आमच्या पाणंदींत दोन्हींकडे चिऱ्यांचे गडगे, तेथें त्या घांसल्याशिवाय राहावयाच्या नाहींत.

तिसरी गोष्ट पाण्याची. झांकणाच्या कडेची रबरी पट्टी अखंड आहे कीं नाहीं तें पाहावें. आंत कोरडें वर्तमानपत्र अंथरून वरून घागरभर पाणी ओतावें, आणि खालूनहि जोरानें पाणी मारावें. कारण पावसांत चाक जें पाणी उडवितें तें खालूनच येतें. माझी पेटी या परीक्षेंत पूर्ण उतरली, आणि त्याचा मला थोडा अभिमानहि वाटला.

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आचऱ्याच्या घराचा वासा मोडला आणि माजघर गळूं लागलें. वहिनींचा निरोप आला, "भाऊजी, देव मी सांभाळतें, पण पोथी तुम्ही घेऊन जा." मी लगेच गेलों. पोथी बासनासह पेटींत ठेवली. वहिनींनीं खोबरेल तेलाची बाटली दिली होती, ती मीं मुद्दाम पेटींत न ठेवतां पुढें पिशवींत अडकविली. चारहि बोल्टांवरच्या रेघा पाहिल्या. सर्व शाबूत होत्या. भर पावसांत निघालों. कालावलच्या खाडीपाशीं येतों तों पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलें. अंगांतला रेनकोट काढून झटकला, त्याची घडी केली, आणि ती पेटींत, पोथीच्या वर ठेवून किल्ली फिरविली.

वाटेंत एका जुन्या विद्यार्थ्यानें आग्रहानें जेवावयास थांबविलें. दोन तास पेटी उन्हांत तापत होती. मालवणास येऊन झांकण उघडलें तों त्याच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब लोंबत होते, आणि बासन खालपर्यंत भिजलें होतें. जी पेटी बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं, ती आंतलें पाणीहि बाहेर जाऊं देत नाहीं, हें मला तेव्हां कळलें.

पानें सुटीं करून सावलींत वाळविलीं. काळीं अक्षरें बहुतेक राहिलीं. तांबडी शाई मात्र सर्वत्र पसरली. शेवटच्या पानावरची विनंती गेली, आणि तिच्या खालचा शकहि गेला. पणजोबांनीं ती पोथी कोणत्या वर्षीं लिहिली, तें त्या एकाच ओळींत होतें. घरांतील कोणीं तें टिपून ठेवलें नव्हतें. आयुष्यभर मुलांस "टिपून घ्या" म्हणून सांगणाऱ्या मींहि नाहीं.

तेल मीं टाळलें, बांधणी सांभाळली, पाणी बाहेर ठेवलें, आणि शेवटीं तेंच पाणी आपल्या हातानें घडी घालून आंत ठेवलें. पोथीच्या विनंतींतील चौथा इशारा कोणासाठीं होता, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

वहिनींस सर्व हकीकत सांगितली. त्या क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, "पोथी आहे ना? पुढच्या पळणीला ती घरांतूनच निघाली पाहिजे. छप्पर होईपर्यंत नीट ठेवा." तेव्हांपासून माझा रेनकोट निराळ्या पिशवींत, पेटीच्या बाहेर बांधलेला असतो, आणि घरीं आल्यावर पेटी झांकण उघडें टाकून वाळवीत ठेवतों.

असो. वाचकांच्या घरींहि माळ्यावर एखादें बासन असेल. तें हलविण्यापूर्वीं शेवटचें पान उघडून त्यावरील नांव आणि शक वहींत उतरून घ्यावा, घरांतील मुलांकडून फोनवर त्याचें छायाचित्र काढवावें, आणि मगच तें पेटींत ठेवावें. पेटी कितीहि चांगली असली तरी तिच्यांत काय ठेवावें हें तिला कळत नाहीं.