डायल टोन ऐकलेली माणसं

०२३१ म्हटलं की कोल्हापूर, ०२५३ म्हटलं की नाशिक, ०७१२ म्हटलं की नागपूर. पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० झाला, तेव्हा आमच्या घरांतल्या डायऱ्यांत कितीतरी खाडाखोड झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकात वाढलेल्या आम्हा सगळ्यांना हे कोड पाढ्यांसारखे पाठ आहेत. तारयंत्र खात्याची निम्मी परिभाषा घरातल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनी आपापल्या गरजेपोटी आत्मसात केली, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

भारतात पहिली एसटीडी लाइन १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली, पण आमच्याकडे बरीच वर्षं ट्रंक कॉलच होता. १८० वर बुकिंग करायचं आणि वाट बघायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग. अर्जंटला पैसे दुप्पट, म्हणून आजारपण किंवा वाईट बातमी असल्याखेरीज तो लावत नसत. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरबाई मध्ये बोलायच्या, आणि मामीचं मुख्य सांगणं नेमकं तेव्हाच सुरू झालेलं असायचं.

फोन आधी कानाने तपासायचा. डायल टोन आहे? म्हणजे जिवंत. नाही? म्हणजे डेड, १९८ ला तक्रार, तीही शेजारच्या गल्लीतून. एंगेज टोन कुठला आणि रिंग कुठली, हे आजीला पलीकडच्या खोलीतून कळे. पावसाळ्यात खरखर वाढली की वडील म्हणायचे, ‘केबलमध्ये पाणी शिरलं.’ बहुतेक वेळा ते खरंच असायचं. जमिनीखालच्या जुन्या केबलींमध्ये तारांना कागदाचं वेष्टन असे. दिवे गेले तरी फोन मात्र चालू, कारण त्याची ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून त्याच तांब्याच्या जोडतारेवरून यायची.

बिल वाढलं की डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकायचं. मोठ्या भावंडांनी त्यावर उपाय शोधला होता. डायल फिरवून सोडली की परत येताना लाइन क्षणभर तुटते आणि जुळते. पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा. एक्स्चेंज तेवढंच मोजतं. मग रिसीव्हरखालचा खटका तितक्याच वेळा, एका लयीत दाबला तर? कुलूप जागच्या जागी आणि मैत्रिणीच्या घरी घंटा! आकड्यांमध्ये किती थांबायचं, हे बोटांना बरोबर ठाऊक असायचं. स्विचिंगचं तत्त्व आम्ही असं शिकलो.

पुढे पिवळ्या पाटीचे पीसीओ आले. अंतर जितकं लांब, तितक्या पल्स भराभर पडायच्या. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून दूर नोकरीला गेलेल्या मुलांची आणि सासरी गेलेल्या मुलींची तेव्हा बूथवर रांग लागायची. काचेच्या खोक्यात उभं राहून लाल आकड्यांवर नजर ठेवत बोलायचं.

पण या सगळ्या शब्दांत आमच्या घरांना सर्वांत जवळचा शब्द म्हणजे पी.पी. फोन खालच्या काकूंचा, नंबर मात्र अख्ख्या वाड्याचा; अर्जावर, लग्नपत्रिकेवर, मुलाच्या स्थळाच्या माहितीत तोच. ‘अहो, तुमचा फोन!’ अशी हाक आली की आई पदराला हात पुसत जिना उतरायची, आणि काकू उठून स्वयंपाकघरात जायच्या. एवढी अदब त्यांना कुणी शिकवली नव्हती.

वेटिंग लिस्टमधली वर्षं सरून आमचा फोन लागला, तेव्हा लाइनमनने डीपीपासून ओढलेली काळी वायर बघायला सगळी बिऱ्हाडं जमली. त्याच संध्याकाळी मागच्या खोलीतली नवी भाडेकरीण संकोचत दाराशी आली. तुमचा नंबर माहेरी पी.पी. म्हणून दिला तर चालेल का, तिने विचारलं. आई म्हणाली, ‘विचारतेस काय? आणि रात्री फोन आला तरी सांगू हो, आईला म्हणावं काळजी करू नका.’