न पाहिलेलं सांगू नये

दुसऱ्याचा कोड तपासणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जेवायला जाण्यासारखं. आमटीत मीठ नाही हे सांगायचं, पण यजमानाचं मन न दुखवता! त्यातून कोड भाच्याचा असेल तर विचारूच नका.

भाचा डिप्लोमाला आहे. त्याने आर्डुइनो उनोला डीएचटी२२ हा तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडला होता. आकडे अधूनमधून यायचेच नाहीत. मग तारेवर नेमकं काय चाललंय ते बघायला त्याने दुसऱ्या उनोवर स्वतःच एक छोटा लॉजिक अ‍ॅनालायझर लिहिला. मला खरंच कौतुक वाटलं. त्या यंत्राने निकालही देऊन टाकला: सेन्सर मधले बिट गाळतोय.

"मामा, सेन्सर परत पाठवतोय. त्याआधी कोडवर एक नजर टाक ना."

कोड जेमतेम वीस ओळींचा. गाभा एकच: पिन वाच, सिरियलवर छाप, पुन्हा वाच. दिसायला अगदी निर्मळ. पण जरा हिशेब करून बघा. १,१५,२०० च्या वेगाने एक अक्षर पाठवायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. एक आकडा आणि ओळ बदलायची दोन चिन्हं, म्हणजे २६० मायक्रोसेकंद. हा सेन्सर शून्य सांगतो २६ ते २८ मायक्रोसेकंदांच्या ठोक्याने आणि एक सांगतो ७० च्या. म्हणजे एकदा छापून होईपर्यंत दोन-तीन बिट निघून जातात! फाटकावरचा माणूस मान खाली घालून वहीत लिहितोय, तेवढ्यात गाड्या गेल्या, आणि वहीत नोंद काय, तर गाडी आलीच नाही.

"पण मी एलईडी लुकलुकवून तपासलं होतं. बरोबर दाखवत होतं."

सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा तर डोळ्यांनाही दिसतो. यंत्र तपासायचं ते त्याची दमछाक होईल अशा ठिकाणी. उनोचं टोन फंक्शन वापरून १०,००० हर्ट्झचा सिग्नल द्यायचा. ५० मायक्रोसेकंद वर, ५० खाली. उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे यंत्राला थापा मारता येत नाहीत. त्याने तसं केलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग आम्ही क्रम बदलला. आधी सगळं मेमरीत साठवायचं, छापायचं नंतर. उनोची रॅम २ केबी, त्यातले १,५०० बाइट घेतले. पोर्ट थेट वाचून दर ४ मायक्रोसेकंदांना एक नमुना, म्हणजे ६ मिलिसेकंद. सेन्सरचं एक उत्तर ५ मिलिसेकंदांच्या आत संपतं, तेव्हा पुरेसं झालं. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद, नाहीतर टायमर दर १.०२४ मिलिसेकंदाला मध्येच लुडबुड करतो.

एका ओळीसाठी मात्र मी हट्ट धरला. मेमरी भरली की यंत्राने सांगायचं: 'इथून पुढे मी पाहिलेलं नाही.' भाच्याला ती फालतू वाटली. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. साध्या प्रोग्राममधली चूक त्याच प्रोग्राममध्ये दिसते. चुका शोधणाऱ्या यंत्रातली चूक मात्र दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि आपण निर्धास्तपणे त्या दुसऱ्याला शिक्षा करून मोकळे होतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो, नाही का? अर्धं बघतो, उरलेलं मनाने जोडतो आणि साक्ष पूर्ण देतो.

असो. नव्या चित्रात चाळीसच्या चाळीस बिट दिसले. हा सेन्सर २ सेकंदांतून एकदाच वाचायचा असतो. साहेब त्याला दर अर्ध्या सेकंदाला पिडत होते. अंतर वाढवल्यावर आकडे सरळ झाले. पार्सलची चिकटपट्टी मात्र बिचाऱ्याला स्वतःच्या हाताने सोडवावी लागली.