बाईसाहेब भुंकल्या की वर्ग सुटतो

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तास चालू असताना रेव्हली भुंकली, तर प्राध्यापकांनी वर्ग सोडून द्यावा, असा रिवाज सांगतात. बाईसाहेबांना कंटाळा आला, एवढं कारण पुरेसं. प्राध्यापकांची याला फारशी हरकत असेल असं मला वाटत नाही.

रेव्हली ही विद्यापीठाची मॅस्कॉट, कोली जातीची कुत्री. एक गेली की तिचं नाव पुढचीला मिळतं. लांब निमुळतं तोंड, छातीवर पांढऱ्या केसांचा भरघोस झुपका, पाठीवर मरून रंगाची झूल. तिचा हुद्दा पाच चौकटींचा, म्हणजे पाच ‘डायमंड’चा. विद्यापीठाच्या कॅडेट दलाच्या प्रमुखाला चारच चौकटी, म्हणजे हुद्द्यानं ही त्याच्याही वर. नव्या कॅडेटांनी तिच्याशी बोलताना ‘मिस रेव्ह, मॅडम’ म्हणायचं. तिची देखभाल दुसऱ्या वर्षाच्या एका कॅडेटकडे असते. ती त्याच्यासोबत तासाला बसते, त्याच्याच खोलीत झोपते. कोणाच्या पलंगावर चढून ती पसरली, तर त्या गड्यानं मुकाट्यानं फरशीवर अंथरूण घालायचं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं पाहत वाढलेल्या आपल्याला याचं फार नवल वाटू नये.

पहिली रेव्हली मात्र कुठल्याच नावाजलेल्या जातीची नव्हती. काळ्या-पांढऱ्या रंगाचं भटकं कुत्रं. १९३१ साली नाव्हासोटाहून परतणाऱ्या कॅडेटांच्या गाडीचा तिला धक्का लागला. वसतिगृहात कुत्र्यांना बंदी, तरी पोरांनी तिला उचलून गुपचूप खोलीत आणलं. पहाटे बिगूल वाजला आणि ही जीव तोडून भुंकायला लागली. झालं, गुपित फुटलं; आणि पहाटेच्या त्या बिगुलाचंच नाव तिला चिकटलं. नंतर ती दलाच्या बँडच्या पुढे ऐटीत चालत मैदानात उतरू लागली. १९४४ साली ती गेली तेव्हा फुटबॉलच्या मैदानावर लष्करी इतमामात तिचा अंत्यविधी झाला. काइल फील्डच्या उत्तर दाराशी तिला पुरलं, तेही गुणफलक दिसेल अशा बेतानं. नंतर स्टेडियम वाढलं, नव्या बांधकामाआड फलक दिसेना, तेव्हा तिथल्या रेव्हलींच्या थडग्यांसाठी बाहेर एक छोटा फलक खास लावला. मेलेल्या कुत्र्यांना स्कोअर कळावा म्हणून! हा भाबडेपणा मला मनापासून आवडतो.

पण एक गोष्ट खटकते. कुत्रीला एवढा मान देणाऱ्या या दलात बाईमाणसाला प्रवेश मिळाला तो थेट १९७४ साली. आणि पहिली रेव्हली ज्या बँडच्या पुढे चालायची, त्या बँडमध्ये मुली दिसायला १९८५ उजाडावं लागलं, तेही एका विद्यार्थिनीनं कोर्टाची पायरी चढल्यावर.