ठेवीदार अशील नसतो, तरीही

चि. चिऊ,

बँकांना सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये जायचं तू ठरवलंस, हे ताईकडून कळलं. वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा, असं आपल्या घरात अजून मानतात. त्यामुळे ‘कम्प्लायन्स’ म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले असतील. मला मात्र फार आनंद झाला.

पीएमसी या सहकारी बँकेचं प्रकरण घडलं तेव्हा तू शाळेत होतीस. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली निर्देश काढले आणि सुरुवातीला सहा महिन्यांसाठी प्रत्येक खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा ठेवली. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, सोसायटीचा देखभाल निधी, सगळं अडकलं. सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेलं होतं आणि हजारो खोटी कर्जखाती दाखवून ते झाकलेलं होतं. नियम नव्हता म्हणून हे झालं असं नाही. एका समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज द्यायचं नाही, असा नियम तेव्हाही होता.

तुला रटाळ वाटतील अशा पुष्कळ तरतुदींमागे कुणाचा तरी बुडालेला पैसा आहे. 1960 मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, मग 1962 पासून ठेव विमा आला. पीएमसीनंतर विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली, सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, आणि निर्बंध लागले तरी विम्याची रक्कम 90 दिवसांत द्यायची तरतूद 2021 मध्ये झाली.

आता कामाचं. एका नागरी सहकारी बँकेची फाइल कायदेशीर मतासाठी माझ्याकडे आली होती. भागीदारी संस्थेला कर्ज द्यायचं होतं. तारण चोख, ताळेबंद नीट, भागीदारांची नावं अनोळखी. केवायसीच्या कागदांत एका भागीदार बाईंचं वीजबिल होतं. त्यावरचा पत्ता आणि एका संचालकाचा पत्ता एकच, फ्लॅट क्रमांकासकट. बाई त्या संचालकाच्या सूनबाई निघाल्या. कागदोपत्री माहेरचं नाव लावलेलं. नागरी सहकारी बँकांना संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या संस्थांना कर्ज द्यायला ऑक्टोबर 2003 पासून मनाई आहे. मी ओपिनियनच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘हे कर्ज देता येणार नाही.’ फोन आला, “मॅडम, भाषा जरा मऊ करता येईल का?” मी नाही म्हटलं. प्रस्ताव संचालक मंडळापुढे गेलाच नाही.

तुझी फी बँक देईल आणि तुझी अशीलही बँकच असेल. पण ज्यांच्या पैशावर ती चालते ते ठेवीदार बैठकीला कधीच नसतात. संचालक असतात, व्यवस्थापक असतात, कर्जदाराचा सीए असतो. ठेवीदाराचं हित सांभाळणारा सल्लाच बँकेच्याही हिताचा असतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून नकार द्यायचा तो लेखी आणि कलम लिहून द्यायचा. ‘सर्वसाधारणपणे हरकत नसावी’ अशी गुळमुळीत वाक्यं लिहू नकोस. पुढे तीच दाखवून लोक हवं ते करतात. आणि कर्जवाटप झाल्यावर मत मागायला आले, तर ते मत आधी मागितलं नव्हतं हेही नोंदव.

कर्जदारालाही विसरू नकोस. खातं ‘फ्रॉड’ ठरवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2024 च्या निर्देशांनुसार आता त्याला उत्तरासाठी किमान 21 दिवस द्यावे लागतात. तो शिक्का बसला की माणसाला बँकांची दारं बंद होतात. बँक घाई करेल. तू नोटीस स्वतः वाच, आणि आरोप कोणत्या व्यवहारावरून केला ते तिच्यात स्पष्ट लिहिलंय का, ते बघ.

रुजू होण्याआधी 1949 चा बँकिंग नियमन कायदा मुळातून वाच, गाइड नको. आणि दिवाळीत येशील तेव्हा कुठल्याही सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल बरोबर आण. आपण दोघी बसून वाचू, लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांपासून सुरुवात करू.

तुझी,
मावशी